मातीची जखम आणि माणसाचा हात



इतिहासाच्या व्याख्यानांत लढाया येतात, तह येतात, रणांगणावर पडलेल्यांचे आकडे येतात. परंतु जे पडले नाहीत, नुसते जखमी झाले, त्यांच्या जखमांचे पुढे काय झाले हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावरून माघार घेताना महादजी शिंद्यांच्या पायावर पाठलाग करणाऱ्या स्वाराचा घाव बसला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलले, बैलावर घातले आणि सुखरूप दक्षिणेकडे आणले. पाय जन्माचा अधू झाला. पण माणूस वाचला, आणि त्या अधू पायाच्या माणसाने पुढे तीसबत्तीस वर्षे उत्तर हिंदुस्थानचे राजकारण हलविले. ती जखम सडली असती, तर शत्रूच्या शस्त्राला जे साधले नाही ते डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जीवाने साधले असते, आणि आपल्या इतिहासातील बरीच पाने वेगळी लिहावी लागली असती.

आज बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या शत्रूविषयी. हाड मोडले, कातडी फाटली, मांस चिरडले, अशा हातापायांच्या मोठ्या जखमा का चिघळतात, त्यांत कोणते जंतू शिरतात, ते कोठून येतात, हे माणसाला कसकसे कळत गेले, आणि कळल्यावरही तो कोठे कोठे गाफील राहिला, याचा हा इतिहास आहे.

हा विषय डॉक्टरांच्या सभेतला, तो परभणीच्या नागरिकांपुढे कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या पायांखाली आहे. आपला जिल्हा काळ्या मातीचा. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठची ही जमीन कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीन, ऊस पिकविते. आणि ही पिके काढताना माणसाचा हात आणि पाय यंत्राच्या आणि मातीच्या जितका जवळ जातो, तितका फार थोड्या धंद्यांत जात असेल. बैलगाडीच्या चाकाखाली पाय सापडणे ही जुनी गोष्ट झाली. मळणी यंत्रात हात ओढला जाणे, कडबाकुट्टीत बोटे जाणे, ट्रॅक्टर उलटून मांडी चिरडणे, रात्रीच्या अंधारात उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळणे, या नव्या काळाच्या जखमा आहेत. जखम झाली तो दिवस धावपळीत निघून जातो. खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात असते. ज्याचे घर हाताच्या कामावर चालते त्याचा हात गेला, म्हणजे केवळ एक अवयव गेला असे होत नाही. मुलाची शाळा जाते, बैलजोडी जाते, कधी कधी जमीनही जाते. म्हणून हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच तुमच्याआमच्या संसाराचा आहे.

जखमेचा विचार आपल्याकडे फार प्राचीन काळी झालेला दिसतो. सुश्रुतसंहितेत आघाताने होणाऱ्या जखमांचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. यांतील पिच्चित म्हणजे चेंगरून, पिचून झालेली जखम. आजच्या यंत्रयुगातील बहुतेक भयंकर जखमा याच जातीच्या. व्रणासाठी साठ उपक्रम सांगितले आहेत. जखमी माणसाने नखे आणि केस कापलेले ठेवावेत, शुचिर्भूत राहावे, पांढरी वस्त्रे नेसावीत. मोहरी, कडुनिंबाची पाने, मीठ आणि तूप यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवसपर्यंत द्यावी, असा दंडक आहे. कारण काय, तर मांस आणि रक्त यांना चटावलेले निशाचर जखमी माणसापाशी येतात. निशाचर या शब्दाला आज आपण हसू. परंतु डोळ्यांना न दिसणारे काहीतरी बाहेरून जखमेकडे येते आणि स्वच्छतेने त्याला अडविता येते, हे निरीक्षण हसण्यासारखे खास नाही. त्याच ग्रंथात अपतानक नावाचा, शरीर ताठवून वाकविणारा रोग वर्णिला आहे. गर्भपातानंतर, अतिशय रक्त गेल्यावर किंवा आघातानंतर तो झाला तर बरा होत नाही, असे स्पष्ट बजावले आहे. खेड्यापाड्यांत ज्याला धनुर्वात म्हणतात त्याचीच ही ओळख होय. मात्र एवढ्यावरून प्राचीनांना जंतू ठाऊक होते, असा दावा करण्याची घाई आपण करू नये. निरीक्षण ही एक पायरी आहे आणि कारण समजणे ही दुसरी. या दोन पायऱ्यांच्या मध्ये जगाला दीड-दोन हजार वर्षे थांबावे लागले.

युरोपात तर शतकानुशतके पू येणे हे जखम भरून येण्याचेच लक्षण मानीत. बंदुकीच्या जखमेत विष असते या समजुतीने तीत उकळते तेल ओतीत. १५३७ मध्ये तुरीनच्या मोहिमेत आंब्रोआज पारे या फ्रेंच शस्त्रवैद्याजवळचे तेल संपले, म्हणून त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाईन यांचे मिश्रण लावले. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी पाहतो तो, तेल ओतलेले सैनिक तळमळत होते आणि बिनतेलाचे शांत झोपले होते. उपचारच पुष्कळदा अपकार असतो, हा धडा त्या रात्री मिळाला. पण जग तो लवकरच विसरले.

किती विसरले, ते पाहावयाचे असेल तर एडिंबरोच्या जेम्स सिम्सन यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे पाहावेत. क्लोरोफॉर्मचा उपयोग रूढ करणारे ते हेच सिम्सन. त्यांनी हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रियांचे दोन ढीग केले. मोठ्या रुग्णालयांत झालेल्या २,०८९ शस्त्रक्रियांपैकी ८५५ रोगी दगावले होते. खेडोपाडी, शेतकऱ्याच्या झोपडीत, एकट्या डॉक्टरने केलेल्या २,०९८ शस्त्रक्रियांपैकी दगावले फक्त २२६. म्हणजे राजधानीच्या भव्य रुग्णालयात शंभरांत एकेचाळीस मरावेत, आणि खेड्यातल्या खाटेवर अकरा! सिम्सन यांनी या रोगाला नावच ठेवले ‘हॉस्पिटॅलिझम’, रुग्णालयरोग. श्रोतेहो, हा आकडा कृपा करून लक्षात ठेवा. आपल्या विषयाची किल्ली त्यातच आहे, आणि शेवटी तिच्याकडे पुन्हा वळावयाचे आहे.

याच काळात ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर हे शस्त्रवैद्य अस्वस्थ होते. साधे हाड मोडले, कातडी शाबूत असली, तर रोगी बरा होई. तेच हाड कातडी फाडून बाहेर आले, की जखम सडे आणि पाय कापावा लागे. दोहोंत फरक एवढाच, की एका ठिकाणी आत जाण्याचा दरवाजा उघडा होता. मग आत शिरत होते ते काय? रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस अँडरसन यांनी त्यांना पाश्चरचे निबंध वाचावयास सांगितले. आंबणे आणि कुजणे हे सूक्ष्म जीवांचे काम आहे, असे त्यांत होते. कार्लाईल शहरात गटाराच्या पाण्याची घाण कार्बोलिक ॲसिडने जाते, असेही लिस्टर यांच्या कानांवर आले होते. १२ ऑगस्ट १८६५ रोजी जेम्स ग्रीनलीज नावाचा अकरा वर्षांचा मुलगा रुग्णालयात आला. गाडीचे चाक डाव्या पायावरून गेले होते, नळी मोडून जखम उघडी झाली होती. परभणीच्या बाजारवाटेवर घडावा तसाच हा अपघात. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिकमध्ये भिजविलेले कापड बांधले. चार दिवसांनी पट्टी सोडली, तो सडका वास नाही. सहा आठवड्यांत मुलगा आपल्या पायांनी चालत घरी गेला. १८६७ मध्ये त्यांनी अशा अकरा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक दगावला, एकाचा पाय कापावा लागला, नऊ जणांचे अवयव वाचले. त्यांच्याच हाताखाली अवयव कापलेल्या रोग्यांतील मृत्यू शेकडा सेहेचाळीसांवरून पंधरांवर आले. साधन तेच, हात तेच; बदलली होती ती फक्त दृष्टी.

यानंतरची पंधरा-वीस वर्षे म्हणजे जंतूंच्या बारशाचा काळ होय. आपल्या जिल्ह्यात अभिमानाने म्हणतात, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी.’ आपल्या विषयापुरती तरी ही जोडी अगदी योग्य पडते. जंतू शोधले ते जर्मनीने आणि त्यांचे माहेर असलेली माती आहे आपल्यापाशी! रॉबर्ट कॉख यांनी १८७८ मध्ये जखमांतील निरनिराळे रोग निरनिराळ्या जंतूंनी होतात हे दाखविले. स्कॉटलंडमधील ॲबरडीनचे अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यांना द्राक्षांच्या घोसासारखे गोल जंतूंचे पुंजके दिसले. १८८२ मध्ये त्यांनी या जंतूंना स्टॅफिलोकोकस हे नाव दिले. साखळीसारखे राहणारे ते स्ट्रेप्टोकोकस. त्याच १८८२ मध्ये फ्रान्समध्ये गेसार यांनी पट्ट्यांना निळाहिरवा रंग आणणारा जंतू वेगळा काढला. त्याला आज स्यूडोमोनास म्हणतात. १८९२ मध्ये अमेरिकेत वेल्च आणि नटॉल यांनी मांसात वायूचे बुडबुडे निर्माण करणारा जंतू वर्णिला, ज्याच्या जातभाईंनी गॅस गँग्रीन होते.

परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शोध १८८४ चा. निकोलायर या तरुण जर्मन संशोधकाने साधी बागेतली माती घेऊन ती उंदीर, ससे यांच्या कातडीखाली घातली. जनावरांना धनुर्वात झाला. बाहेरून काही आणले नव्हते. विष मातीतच होते. १८८९ मध्ये जपानचे किटासाटो यांनी बर्लिनमध्ये तो जंतू एकटा वाढवून दाखविला आणि पुढच्याच वर्षी बेरिंग यांच्यासह त्यावरचा उतारा शोधला. धनुर्वाताच्या जंतूचे बी टणक कवचात वर्षानुवर्षे मातीत आणि गुराघोड्यांच्या शेणात पडून असते. हवा खेळती असेल तेथे ते उगवत नाही. खोल, अरुंद, मेलेल्या मांसाने भरलेली जखम मिळाली, की त्याला अंधारी कोठडी मिळते आणि ते जागे होते. काळी माती, शेणखत आणि काट्याची खोल जखम, हे तीन एकत्र आले म्हणजे काय होते ते येथे कोणास सांगावयास नको.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो. तो पंजाबात घडला, पण त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. प्लेगच्या दिवसांत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून तीच हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि सर्वच्या सर्व मरण पावले. चौकशी समितीने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना काम सोडावे लागले. परंतु बारकाईने पाहिल्यावर निराळेच चित्र उभे राहिले. बाटली उघडताना वापरावयाचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. सिकंदराबाद येथे १८९७ मध्ये डासांच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधणारे रोनाल्ड रॉस आणि त्यांचे सहकारी यांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समधून हाफकिन यांची बाजू मांडली, आणि अखेर ते दोषमुक्त ठरले. पण पाच वर्षे एका निरपराध शास्त्रज्ञाला कलंक सोसावा लागला आणि लसीवरचा लोकांचा विश्वास डळमळला. विष मातीत होते हे खरे. माणसाच्या शरीरात ते पोचविले मात्र जमिनीवरून उचललेल्या त्या चिमट्याने.

माती आणि हात यांच्यानंतर तिसरा घटक येतो तो वेळेचा. तो मराठी शिपायांच्या रक्ताने लिहिला गेला आहे. पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्याची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, आजच्या इराकात, तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली. तीत मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये तेसिफोन येथे घनघोर लढाई झाली. डिव्हिजनचे साडेचार हजारांच्या आसपास लोक कामास आले किंवा जखमी झाले. जखमींना नेण्यास स्प्रिंग नसलेल्या खटारगाड्या होत्या. मांडीचे हाड मोडलेला शिपाई अशा गाडीतून मैलोगणती नेणे म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे नदीतून बोटींनी बसऱ्यापर्यंत, कित्येक दिवसांचा प्रवास. मेजर कार्टर या डॉक्टरांनी बसऱ्यात ती बोट येताना पाहिली. मोडलेल्या हातापायांना दारूच्या खोक्यांच्या फळ्या बांधलेल्या होत्या. जखमांची पट्टी दिवसेंदिवस बदललेली नव्हती. माणसे आपल्याच घाणीत पडून होती. वरून मात्र तार गेली होती की जखमींची व्यवस्था उत्तम झाली. कार्टर यांनी सत्य लिहून कळविले, तेव्हा त्यांनाच अटकेची धमकी मिळाली. शेवटी चौकशी आयोग नेमावा लागला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्या जखमांत जंतू किती होते हे कोणी मोजले नाही. पण लिस्टर यांचा शोध पन्नास वर्षांचा जुना झालेला असताना ते शिपाई लिस्टरपूर्व काळात मरत होते. ज्ञान पुस्तकात असून भागत नाही. ते गाडीवर, बोटीवर, पट्टीवर पोचावे लागते.

त्याच वेळी फ्रान्स आणि बेल्जियममध्ये दुसरा धडा मिळत होता. तेथील शेते पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घालून कसलेली. तोफगोळ्याचा तुकडा शरीरात घुसे तो चिखल आणि कपड्याची चिंधी घेऊनच. गॅस गँग्रीनने हजारो हातपाय गेले. डॉक्टर जखमेत जंतुनाशके ओतीत, तरी जखमा सडत. बोलोन्यच्या लष्करी रुग्णालयात काम करणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी याचे कारण शोधले. त्यांनी काचेची एक नळी घेतली, तापवून तिला आतल्या बाजूने पोकळ काटे काढले आणि ती खोटी जखम तयार केली. तीत जंतू भरून औषध ओतले, तेव्हा मधल्या भागातले जंतू मेले, पण कोपऱ्याकोपऱ्यांत दडलेले तसेच राहिले. शिवाय जंतूंशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी औषधाने आधी मरत. मग उपाय कोणता? तो १८९८ मध्येच फ्रीडरिख या जर्मन शस्त्रवैद्याने प्राण्यांवरील प्रयोगांतून सांगितला होता. त्याने जखमांत बागेतली माती आणि जिन्यावरची धूळ भरली. सहा तासांच्या आत जखमेची कड कापून काढली तर प्राणी वाचत, पुढे वाचत नसत. युद्धभूमीवर हेच तत्त्व सिद्ध झाले. मेलेले मांस, चिखल, चिंध्या सर्व कापून आणि धुऊन काढावे, जखम लगेच शिवू नये, मोडलेले हाड स्थिर बांधावे. डॉक्टर लोक याला डेब्रिडमेंट म्हणतात. शेतकऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. शेतातला काडीकचरा न काढता नुसते औषध फवारणारा शेतकरी वेडा ठरतो.

स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोनाच्या जोसेप ट्रुएटा यांनी या पद्धतीचा कळस केला. लवकर शस्त्रक्रिया, स्वच्छ धुणे, मेलेले मांस काढणे, पाणी वाहू देणे आणि प्लास्टर, अशा पाच गोष्टींवर त्यांनी १,०७३ उघडे अस्थिभंग हाताळले. मृत्यू झाले सहा. हे सर्व पेनिसिलीन रुग्णापर्यंत पोचण्यापूर्वी, हे विसरता कामा नये.

त्यानंतर आले ते पेनिसिलीन. १९२८ मध्ये ज्यांच्या नजरेस ते पडले ते हेच काचेच्या जखमेचे फ्लेमिंग. महाराष्ट्राला या औषधाचा एक विशेष अभिमान आहे. सरकारी मालकीच्या हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स कंपनीची स्थापना १९५४ मध्ये पिंपरी येथे झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. युद्धात पाय गमावलेल्यांसाठी पुण्यात १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र निघाले होते. आता पायच गमवावा लागणार नाही, अशी आशा निर्माण झाली. धनुर्वाताच्या लसीनेही मोठा विजय मिळविला. बाळंतीण आणि नवजात अर्भक यांचा धनुर्वात भारतातून हटल्याचे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. सुश्रुतसंहितेने असाध्य म्हणून हात टेकले होते, त्यांपैकी एका रोगाला आपल्या दाईंनी, परिचारिकांनी आणि लसटोचकांनी गावोगाव फिरून हरविले, हे केवढे कर्तृत्व!

परंतु विजयाच्या मागोमाग गाफीलपणा येतो. औषध आहे, मग धुण्याची घाई कशाला, असे वाटू लागले. द्राक्षाच्या घोसासारख्या त्या स्टॅफिलोकोकसने काही वर्षांतच पेनिसिलीन पचविण्याची विद्या शिकून घेतली. नवे औषध आले की नवी विद्या. ताप आला की दुकानातून दोन गोळ्या, बरे वाटले की उरलेल्या फेकून द्यावयाच्या, या आपल्या सवयीने आपण जंतूंची जणू तालीमच चालविली. आज क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर यांच्या काही जाती अशा आहेत, की शेवटचे म्हणून राखून ठेवलेले औषधही त्यांच्यापुढे चालत नाही. मुंबईतील संशोधकांनीही २०१० मध्ये असे जंतू आढळल्याचे प्रसिद्ध केले.

आणि आता सिम्सन यांच्या किल्लीकडे वळू. २००३ मध्ये इराकात पुन्हा युद्ध पेटले. ज्या तैग्रिसकाठी मराठी शिपाई बोटींत कुजले, त्याच प्रदेशात आता अमेरिकन सैनिकांच्या हातापायांच्या जखमांत ॲसिनेटोबॅक्टर दिसू लागला, तोही औषधांना न जुमानणारा. सर्वांना वाटले, इराकच्या मातीतून आला असणार. माती तपासली; तीत तो क्वचितच सापडला. मग युद्धभूमीवरची तात्पुरती रुग्णालये तपासली, आणि तेथे तो जागोजाग निघाला. जखम मातीत झाली होती, पण जंतू चिकटला तो खाटेवर, उपकरणावर, हातावर. उघड्या अस्थिभंगांच्या अभ्यासांतूनही हेच वारंवार दिसते. जखम झाल्याबरोबर तपासणीत जे जंतू मिळतात, ते पुढे जखम चिघळविणाऱ्या जंतूंशी बहुधा जुळत नाहीत. पहिले रानातले असतात. दुसरे पुष्कळदा रुग्णालयातले. सिम्सन यांनी ज्याला रुग्णालयरोग म्हटले, तो नव्या पोशाखात परत आला आहे.

याचा अर्थ रुग्णालयात जाऊ नये, असा कोणी काढील तर तो आत्मघात ठरेल. सिम्सन यांच्या काळी झोपडी बरी होती, कारण रुग्णालयाला स्वच्छता ठाऊक नव्हती. आज ती ठाऊक आहे, आणि रुग्णालयाकडे जे आहे ते झोपडीकडे नाही. मिनियापोलिसचे गुस्टिलो आणि अँडरसन यांनी १९७६ मध्ये १,०२५ उघड्या अस्थिभंगांचा अभ्यास करून त्यांचे तीन वर्ग पाडले. या वर्गवारीत शेतात झालेली, मातीने माखलेली जखम, बाहेरून ती बोटभर दिसली तरी, थेट तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात धरतात. परभणीच्या शेतकऱ्याने हे वाक्य गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावे. ‘एवढीशी तर जखम आहे’ असे शेतातल्या जखमेविषयी म्हणता येत नाही. पूर्वी तिसऱ्या वर्गातले पुष्कळसे पाय कापले जात. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलचे डॉ. राजशेखरन आणि त्यांचे सहकारी यांनी कातडी, हाड, स्नायू यांना वेगवेगळे गुण देऊन कोणता अवयव वाचविता येईल हे ठरविण्याची पद्धत २००६ मध्ये मांडली, आणि ती परदेशांतही अभ्यासली गेली. पाश्चात्त्य देशांबरोबर भारतातील रुग्णही ज्यात होते, अशा सुमारे अडीच हजार रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासाने २०१५ मध्ये दाखविले, की जखम धुण्यास साबणाचे द्रावण लागत नाही, जोरदार फवाऱ्याचे यंत्रही लागत नाही. साधे सलाईनचे पाणी हलक्या दाबाने भरपूर वापरले तरी काम होते. म्हणजे जे सर्वांत स्वस्त, तेच पुरेसे. लहान गावच्या रुग्णालयाला याहून आनंदाची बातमी कोणती?

आता आपल्या घरच्या उपायांविषयी दोन शब्द. जखमेवर हळद, चुना, राख, तंबाखू, दगडी पाल्याचा रस, क्वचित शेणही लावतात. यांतल्या काही वनस्पतींत गुण असतील. साध्या ओरखड्यावर त्यांनी फारसे बिघडत नसेल. पण हाड दिसणाऱ्या जखमेत बाहेरची कोणतीही वस्तू भरणे म्हणजे निकोलायरचा प्रयोग माणसावर करणे होय. शेण आणि माती यांत धनुर्वाताचे बी असते, हे आपण पाहिलेच. हाडवैद्याने बांबूच्या कांब्या घट्ट आवळल्या आणि खाली रक्त पोचले नाही, तर सुजलेला हात काळा पडतो, आणि मग जंतूंना आयते मेलेले मांस मिळते. या लोकांच्या हातात पिढीजात कौशल्य असेल. परंतु उघड्या जखमेचे काम त्यांचे नव्हे.

मग करावे काय? रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. दिसणारी माती स्वच्छ पाण्याने जाईल तेवढी जाऊ द्यावी, आत बोटे घालू नयेत. धुतलेल्या कापडाने झाकून, हात किंवा पाय हलणार नाही असा आधार देऊन, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. जंतुनाशक औषधाचे पहिले इंजेक्शन शक्यतो तासाभरात मिळावे, आणि धनुर्वाताची सुई विसरू नये. पालम किंवा सोनपेठच्या शिवारातून परभणीला अथवा नांदेडला पोचेपर्यंत तास सहज जातो. म्हणून पहिले इंजेक्शन आणि पहिली पट्टी जवळच्या सरकारी दवाखान्यातच झाली पाहिजे, आणि ती तेथे होईल अशी व्यवस्था मागणे हा आपला हक्क आहे. मेसोपोटेमियाच्या बोटींनी शिकविले ते हेच.

आणि रुग्णालयात पोचल्यावर? तेथे आपलेही एक कर्तव्य आहे. आपल्याकडे रोग्याला भेटावयास गाव लोटते. प्रत्येकजण हात हातात घेतो, चादर सारखी करतो, पट्टीला हात लावून ‘आता कसे आहे’ म्हणून विचारतो. माया खरी असते. पण एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जंतू नेणारी तीच वाट आहे. डॉक्टर, परिचारिका आणि नातेवाईक या तिघांनीही रोग्याला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात धुतले, तर जे काम महागडी औषधे करू शकत नाहीत ते पाणी आणि साबण करतील. डॉक्टरांनी हात धुतले का, असे विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि डॉक्टरांनी तसा प्रश्न ऐकून रागावू नये, यातच त्यांचा मोठेपणा आहे.

श्रोतेहो, या दीडशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट मनात ठसते. कार्बोलिक आले आणि मागे पडले; पेनिसिलीन आले आणि त्याची धार बोथटली; पुढेही औषधे येतील आणि जंतू त्यांना उत्तरे शोधतील. प्रत्येक पिढीत टिकून राहिले ते तीन साधे नियम: लवकर पोचणे, मेलेले काढून जखम धुणे, आणि हात स्वच्छ ठेवणे. यांवर जंतूंना अजून उत्तर सापडलेले नाही, कारण हे औषध नव्हेच. ही शिस्त आहे. काळी माती आपली अन्नदात्री आहे. तिच्यात जीव आहेत म्हणूनच ती पिकते. तिच्याशी वैर करून चालणार नाही. ती ज्याच्या अंगाला लागली आहे त्या कष्टकऱ्यापर्यंत स्वच्छ हात वेळेवर पोचला पाहिजे, एवढीच या इतिहासाची मागणी आहे. ती पुरी करणे परभणीच्या आवाक्यातले आहे.